खिडकी धक्क्याला लागते तेव्हा

आजच्या विषयाचं नाव जाहीर झालं आणि दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. संगणकाच्या पडद्यावरच्या खिडक्या कुठे चिकटतात आणि कुठून सुटतात याच्याशी तुमचा काय संबंध?" संबंध आहे. एका मुलाचे आम्ही गुण कापले होते, तिथून तो सुरू होतो. त्या गुणांचा हिशेब द्यायचा तर खिडक्यांचा इतिहास सांगावा लागतो, म्हणून आज तो घेतला आहे.

गोष्ट २००० सालच्या उन्हाळ्यातली. आम्ही तेव्हा तर्कशास्त्र शिकवत होतो, आणि त्या दिवसांत संस्थाचालकांची एक समजूत होती की तर्कशास्त्राचा मास्तर म्हणजे संगणकाचा अर्धा मास्तर. त्यामुळे एका पदविका अभ्यासक्रमाच्या समितीवर आमची वर्णी लागली. मग लाजेकाजेस्तव रात्री बसून आम्ही व्हिज्युअल बेसिक शिकलो. खोटं कशाला बोला, आवडलंही. फॉर्मवर बटण ओढून ठेवायचं, त्याला नाव द्यायचं, ते दाबल्यावर काय व्हावं ते लिहायचं. नैयायिकांना आवडावी अशी शिस्त त्यात होती. आणि मग बोईसर परिसरातल्या एका केंद्रावर प्रात्यक्षिक परीक्षेला आम्हाला परीक्षक म्हणून पाठवलं गेलं.

वाणगावकडचा एक मुलगा होता. प्रश्न साधा होता: दोन मजकूरपेट्या, एक बटण, बेरीज करून दाखवा. अट अशी की प्रत्येक घटकाला रीतसर नाव द्यायचं. मजकूरपेटीच्या नावाआधी 'टीएक्सटी', बटणाच्या नावाआधी 'सीएमडी'. हे नाव द्यायची जागा म्हणजे प्रॉपर्टीज विंडो, म्हणजे गुणधर्मांची खिडकी. ती पडद्याच्या उजव्या अंगाला चिकटलेली असते. त्याच्या यंत्रावर ती नव्हती. त्याने एफ ४ ची कळ दाबली. बरोबर कळ होती. खिडकी आली नाही. त्याने व्ह्यू मेनू उघडून तिथून बोलावली. तरी आली नाही. "सर, खिडकी येत नाहीये." आम्ही म्हणालो, परीक्षेत मदत करता येत नाही.

पोरगं हुशार होतं. त्याने आडवाट काढली. फॉर्म सुरू होताना जो भाग चालतो त्यात त्याने बटणावरचा मजकूर, पेट्यांमधला मजकूर, रंग असं सगळं हाताने लिहून काढलं. कार्यक्रम चालला, बेरीज बरोबर आली. पण व्हिज्युअल बेसिकमध्ये घटकाचं मूळ नाव चालत्या कार्यक्रमातून बदलता येत नाही, ते आधीच खिडकीत द्यावं लागतं. त्यामुळे नावं राहिली 'टेक्स्ट १', 'टेक्स्ट २', 'कमांड १'. आमच्या तक्त्यात नावांचे गुण वेगळे होते आणि 'प्रॉपर्टीज विंडोचा वापर' असाही एक रकाना होता. दोन्हीकडे आम्ही शून्य लिहिलं.

संध्याकाळी प्रयोगशाळेच्या साहाय्यकाने यंत्रं तपासताना पडद्याचं रिझोल्यूशन वाढवलं, आणि ती खिडकी उजव्या कडेला अवतरली. ती उघडीच होती! आधी कुणीतरी मोठ्या पडद्यावर काम करताना ती कडेपासून सोडवून लांब उजवीकडे नेऊन ठेवली होती. पुढे परीक्षेसाठी सगळ्या यंत्रांचं रिझोल्यूशन कमी केलं गेलं, आणि खिडकी दिसणाऱ्या क्षेत्राच्या बाहेर राहिली. यंत्राच्या लेखी ती उघडी होती, म्हणून एफ ४ ला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मुलाच्या लेखी ती नव्हती. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. चुकलो होतो आम्ही.

आता इतिहासाकडे. आधी शब्द पाहू. इंग्रजीत याला 'डॉकिंग' म्हणतात, गोदीत जहाज लागतं त्यावरून. आपल्याकडे गोदी हा शब्द आहे, पण आम्हाला त्याहून नेमका वाटतो तो 'धक्का'. भाऊचा धक्का आपण सगळे जाणतो. बोट 'धक्क्याला लागते' असं आपण म्हणतो. सातपाटीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. खाडीत नांगरलेली होडी भरती-ओहोटीबरोबर फिरते, तिचं तोंड कधी इकडे, कधी तिकडे. धक्क्याला लागलेली बोट एका बाजूने बांधलेली असते. तिला जागा असते, आणि चढणाऱ्या-उतरणाऱ्याला पाऊल कुठे पडणार ते ठाऊक असतं. पडद्यावरची तरंगती खिडकी आणि कडेला लागलेली खिडकी यांत फरक नेमका एवढाच आहे.

पण पडद्याच्या आधीही खिडक्या होत्या, आणि त्या आपल्याच जिल्ह्यात होत्या. (जिल्हा तेव्हा ठाणे होता. पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला.) तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या, उकळत्या पाण्याच्या जातीच्या. व्यापारी तत्त्वावर वीज द्यायला त्यांनी २८ ऑक्टोबर १९६९ रोजी सुरुवात केली. त्या पिढीच्या कुठल्याही वीजकेंद्राच्या नियंत्रण कक्षात भिंतभर पॅनेल असायचं, आणि त्याच्या वरच्या भागात दुधी काचेच्या छोट्या चौकटींच्या रांगा. प्रत्येक चौकटीवर एका बिघाडाचं नाव कोरलेलं. तो बिघाड झाला की मागचा दिवा लुकलुकतो आणि घंटा वाजते. या चौकटींना तिथली माणसं 'विंडो' म्हणतात. मायक्रोसॉफ्टचा जन्म १९७५ चा, म्हणजे आपल्याकडे विंडोज येण्याच्या कितीतरी आधीपासून बोईसरच्या घराघरांत 'आज ड्युटीवर विंडो आली होती' हे वाक्य बोललं जात असणार.

आमच्या शेजारी असे एक निवृत्त गृहस्थ राहायचे. आयुष्य पाळ्यांमध्ये गेलेलं. ते आम्हाला म्हणाले होते, "प्रोफेसरसाहेब, आम्ही विंडो वाचत नाही. कुठली पेटली ते बघतो." अक्षर वाचायच्या आधीच डोळ्याला जागा कळते. दुसऱ्या रांगेतली डावीकडून चौथी म्हणजे अमुक. म्हणजे त्या चौकटीत माहिती दोनदा लिहिलेली होती, एकदा काचेवरच्या अक्षरांनी आणि एकदा तिच्या जागेने, आणि घाईच्या वेळी दुसरी माहितीच आधी पोचायची.

वैशेषिकांनी नऊ द्रव्यांमध्ये 'दिक्' हे एक स्वतंत्र द्रव्य मानलं आहे. 'हे याच्या अलीकडे, ते त्याच्या पलीकडे' असा जो बोध होतो त्याचं कारण म्हणजे दिक्. विद्यार्थीदशेत आम्हाला हे उगाच वाढवलेलं खातं वाटायचं. पण घरातला मिसळणाचा डबा आठवा. वीज गेलेली असतानाही आई त्यातून हळदच काढायची, तिखट कधी नाही. वाट्यांवर नावं नव्हती. उद्या कुणी हौसेने वाट्यांची अदलाबदल केली तर डब्यातला एकही पदार्थ कमी होत नाही, आणि तरी स्वयंपाक बिघडतो.

अर्थात जागा ठरलेली असणं पुरेसं नसतं, ती शहाणपणाने ठरवावी लागते. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुकेंद्रात अपघात झाला. पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून जास्त धोकासूचना एकदम आल्या, आणि त्यातल्या महत्त्वाच्या कोणत्या हे निवडून दाखवणारी काहीच व्यवस्था नव्हती. पाणी गळत असल्याचं जिच्यावरून ओळखता आलं असतं, त्या टाकीच्या दाबाचा दर्शक मुख्य पॅनेलच्या मागच्या बाजूला होता. एका महत्त्वाच्या झडपेचा दिवा दुरुस्तीसाठी अडकवलेल्या चिठ्ठीखाली झाकला गेला होता. उपकरण हजर, दिवा पेटलेला, आणि माणसाला दिसत नाही! चौकशी झाली आणि नियंत्रण कक्ष कसा मांडावा याचे नियम अमेरिकेच्या नियामकांनी १९८१ मध्ये काढले. तेव्हापासून या क्षेत्रात एक तत्त्व मानलं जातं, की काही गोष्टी ठरलेल्या जागी आणि सतत दिसत राहिल्या पाहिजेत. त्या मागवाव्या लागता कामा नयेत.

आता गंमत पाहा. ज्या काळात नियंत्रण कक्षवाले 'हलवू नका' म्हणत होते, त्याच काळात संगणकवाले 'हलवू द्या' म्हणत होते. कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात स्मॉलटॉक या भाषेसोबत एकावर एक येणाऱ्या खिडक्या आणल्या. कल्पना टेबलावरच्या कागदांची. पण सगळ्यांना ते पटलं असं नाही. झेरॉक्सच्याच १९८१ च्या 'स्टार' या यंत्रात खिडक्या सहसा एकमेकींवर चढत नसत. मायक्रोसॉफ्टची पहिली विंडोज, नोव्हेंबर १९८५ ची, तीही फरशा बसवल्यासारखी होती, एकीला लागून दुसरी. खिडक्या एकमेकींवर यायला लागल्या त्या १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत. पुढच्याच वर्षी ॲपलने मायक्रोसॉफ्टवर जो दावा लावला, त्यात या एकमेकींवर येणाऱ्या खिडक्या हाही वादाचा मुद्दा होता. खिडकीवर खिडकी ठेवण्याचा हक्क कुणाचा, यावर कोर्टात वर्षानुवर्षं भांडण चाललं. आपल्याकडे बांधावरून चालतं तसंच.

याच मोकळ्या खिडक्यांच्या भरात मे १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक आलं. त्याचा दर्शनी भाग ॲलन कूपर यांच्या कल्पनेतून उतरलेला. साधनांची पेटी वेगळी खिडकी, फॉर्म वेगळी, आणि त्या सगळ्या पडद्यावर सुट्या तरंगणाऱ्या. मधल्या फटींतून मागचा पसारा दिसायचा. चुकून फटीत क्लिक झालं की तुम्ही भलत्याच कार्यक्रमात. बोर्लंडचं 'डेल्फी' १९९५ साली आलं, तेही असंच. ज्याचा एकट्याचा संगणक त्याला हे चालून जातं. आपलं टेबल आपण कसंही पसरावं. कागद कुठे आहे ते आपल्याला माहीत असतं.

मग १९९७ च्या पाचव्या आवृत्तीत व्हिज्युअल बेसिकच्या खिडक्या एका मोठ्या चौकटीत आल्या आणि कडांना लागू लागल्या. १९९८ च्या चौथ्या डेल्फीतही धक्के आले. सुटेपणा आणि स्थिरपणा यांच्यातला हा तह होता: हवी तर सोडवा, हवी तर बांधा.

या तहाची कलमं मात्र कुणी वाचून दाखवत नव्हतं. खिडकीचा शीर्षपट्टा धरून ओढायचा, कडेजवळ नेलं की ओढताना दिसणाऱ्या पोकळ चौकोनाचा आकार बदलायचा, आणि तेव्हाच सोडलं तर ती कडेला लागायची. दोन बोटं अलीकडे सोडलं तर तरंगत राहायची. शीर्षपट्ट्यावर दोनदा क्लिक केलं तर सुटी, पुन्हा दोनदा केलं तर बांधलेली. नवशिक्याचा हात थरथरला तरी मांडणी बदलायची, आणि आपण काय केलं हे त्याला सांगता यायचं नाही.

त्यात आणखी एक बारकावा होता, तो तत्त्वज्ञानाच्या माणसाला सोडवत नाही. ऑप्शन्समध्ये 'डॉकिंग' नावाचं एक पान होतं. तिथे एकेका खिडकीपुढे खूण करायची सोय. ती खूण 'ही खिडकी बांधलेली आहे' असं सांगत नसे, 'ही बांधता येण्याजोगी आहे' एवढंच सांगत असे. अ‍ॅरिस्टॉटलच्या भाषेत, एक शक्यता आणि एक अवस्था. बांधता येण्याजोगी खिडकी बांधलेली असेल किंवा तरंगत असेल. तरंगत असेल तर ती मोठ्या चौकटीच्या बाहेरही जाऊ शकते. खूण काढली तर ती चौकटीच्या आतच राहते, पण इतर खिडक्यांमागे दडू शकते. आमचे बरेच विद्यार्थी 'सुटी झाली, आता हिला बांधून टाकू' या हेतूने नेमकी ती खूण काढून टाकायचे. हा दोष त्यांच्या बुद्धीचा होता असं आम्ही तेव्हा मानत होतो.

आणि सगळ्यात मोठं कलम म्हणजे स्मरणाचं. कार्यक्रम बंद करताना खिडक्या जिथे असतील ती मांडणी विंडोजच्या रजिस्ट्रीत साठवली जायची, आणि पुढच्या वेळी तशीच समोर यायची. ही सोय एका माणसासाठी उत्तम आहे. पण आपल्या क्लासेसमध्ये काय परिस्थिती होती? बोईसर, पालघर, सफाळे, कुठेही जा. एक यंत्र, दिवसाला पाच-सहा बॅचेस, आणि सगळ्यांचं लॉगिन एकच. सकाळच्या मुलाने केलेला पसारा दुपारच्या मुलीच्या वाट्याला. यंत्र जे आठवणीत ठेवत होतं ती कुणाचीच आठवण नव्हती. ज्यांनी हे बनवलं त्यांच्या डोळ्यांसमोर माणशी एक संगणक होता. आमच्याकडे संगणकाशी माणसांची रांग होती. आणि त्या सहाव्या आवृत्तीत 'मांडणी पूर्ववत करा' अशी एक साधी आज्ञाही नव्हती. रजिस्ट्रीत शिरून नोंद पुसावी लागायची, आणि परीक्षेला बसलेल्या पोराला रजिस्ट्रीत शिरू कोण देणार?

पुढचा इतिहास भराभर सांगतो, कारण तो बहुतेक चुका निस्तरण्याचाच आहे. २००१ मध्ये 'एक्लिप्स' आलं. त्यात कामागणिक वेगळी मांडणी होती. लिहिताना एक, चुका शोधताना दुसरी. त्यांनी तिला 'पर्स्पेक्टिव्ह', म्हणजे दृष्टिकोन, असं नाव दिलं. जैनांचा नयवाद आठवून आम्हाला बरं वाटलं होतं. २००२ च्या व्हिज्युअल स्टुडिओ डॉट नेटमध्ये टाचणी आली. ती टोचलेली असली तर खिडकी उघडी राहते, काढली तर कडेत सरकून बसते आणि बाहेर फक्त नावाची पट्टी राहते. आमच्या मते सगळ्यात चांगली सुधारणा २००५ ची. खिडकी ओढायला लागलं की पडद्यावर बाणांची चौफुली उमटते. ज्या बाणावर नेऊन सोडाल त्या बाजूला ती लागेल, आणि सोडण्याआधीच ती जागा रंगून दिसते. म्हणजे परिणाम आधी दाखवला, मग कृती. नियम तोच होता, फक्त तो पहिल्यांदा माणसाला दिसला. आणि मांडणी पूर्ववत करायची आज्ञाही मेनूत आली. पाचव्या आवृत्तीपासून तिथवर यायला आठ वर्षं लागली. त्या आठ वर्षांतच आमच्या तालुक्यातली मुलांची एक सबंध पिढी हे शिकून बाहेर पडली.

आता त्या मुलाचं. आम्ही दुसऱ्या दिवशी केंद्राला पत्र दिलं की खिडकी यंत्रावर दिसत नव्हती, गुण पुन्हा मोजावेत. गुणपत्रक पुढे गेलं होतं. पत्राचं उत्तर आलं नाही, आणि आम्हीही एका पत्रावर थांबलो. हे थांबणं आम्हाला जास्त लागतं. तो ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसला आणि चांगल्या गुणांनी पास झाला.

बऱ्याच वर्षांनी तो बोईसर स्टेशनवर भेटला. त्यानेच ओळखलं. तारापूर एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन विभागात होता. आता त्याच्याही कामाच्या ठिकाणी भिंतीवरचं पॅनेल गेलं आहे. टाक्यांची तापमानं, दाब, पंप, सगळं पडद्यावर. आम्ही विचारलं, तिथेही खिडक्या हलतात का? तो म्हणाला, "बाकी काय हवं ते हलवा म्हटलंय सर, पण अलार्मची पट्टी वर फिक्स. ती कुणाला सोडवता येत नाही, बंद करता येत नाही, तिच्यावर दुसरी खिडकी येत नाही. बसवायला माणसं आली होती, त्यांना आधी हेच सांगितलं." पाळी बदलताना आधीच्या माणसाची मांडणी तशीच राहत नाही, प्रत्येक जण आपल्या लॉगिनने येतो, हेही त्याने न विचारता सांगितलं.

मग थोडा वेळ कोणी बोललं नाही. डहाणूकडून गाडी येत असल्याची घोषणा झाली तेव्हा तो म्हणाला, "सर, त्या उन्हाळ्यात कंपनीचा इंटरव्ह्यू होता. मार्कशीट नव्हती म्हणून गेलोच नाही. पण एक विचारू? तुम्ही तेव्हा उठून माझ्या स्क्रीनकडे बघितलं का नाहीत? मदत नको होती. नुसतं बघायचं होतं."

आम्ही म्हणालो, परीक्षकाने जागा सोडायची नाही असा नियम होता. तो होताच, आजही त्या सूचनापत्रात असेल. तो "हो सर" म्हणाला, पाया पडला आणि गाडीत चढला.

बरं, वेळ झाली. पुढच्या वेळी आपण टंकलेखन यंत्राच्या मराठी कळफलकाकडे वळू. तिथेही कुठलं अक्षर कुठे बसवायचं यावरून बरंच काही घडलेलं आहे. आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मागे बसलेल्यांनी जरा मोठ्याने बोलावं, आम्हाला हल्ली कमी ऐकू येतं.